घोड्याच्या सालची तोमे

तोमेनं बेसबॉल पाहिला कधीच नव्हता, ऐकला मात्र पोटभर. समुद्राकडच्या मैदानात, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या अंधाऱ्या खोलीत बसून ती शिओकाझे संघाचे चेंडू शिवायची. वर लाकूड वाजलं की चेंडू किती लांब गेला ते तिला आवाजावरून कळे. लोक एकदम गप्प झाले, तर आपला गडी बाद झाला हेही कळे. तिचा बाप बूट शिवायचा, कातड्याचा टाका तिनं त्याच्याकडूनच उचलला. दोन सुया, मेण लावलेला लाल दोरा, आणि एका चेंडूला एकशे आठ टाके. कातडं घोड्याचं. घोड्याचं कातडं हातात घेताना तिला रोज काहीतरी टोचायचं, आणि काय टोचतं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

अमेरिकेशी लढाई जुंपून तिसरा वसंत आला आणि नवे चेंडू यायचे बंद झाले. मग एकच चेंडू आठ-आठ वेळा उसवायचा, आत जुन्या मोज्यांचं सूत भरायचं आणि पुन्हा शिवायचा. प्रेक्षकांत गेलेला चेंडू लोक मुकाट्यानं परत फेकत. मैदानाचं लोखंडी छप्पर सरकारनं उतरवून नेलं होतं. खेळाडूंच्या डोक्यावर सैनिकी टोप्या आल्या, आणि सामन्याआधी हातबॉम्ब फेकायची शर्यत ठेवायची असा हुकूम निघाला. आता बॉम्ब लांब फेकला म्हणून कुणी बेसबॉल जिंकतं का? पण विचारणार कोण!

मे महिन्यात शिओकाझेकडे नऊ माणसं उरली, तीही मैदान झाडणारा साठीचा म्हातारा ओकिता धरून. बाकीचे आठ जण आठवडाभर विमानाच्या कारखान्यात राबत आणि शनिवार-रविवारी खेळत. ओकिताआजोबा उजव्या कोपऱ्यात उभे राहत. त्यांच्या दिशेनं चेंडू उडाला की लोक आधी हसत आणि मग बुद्धाचं नाव घेत. वीस सामन्यांत शिओकाझेनं चार जिंकले होते.

संघाचा कप्तान कुरुमादा हेइझो. फेकलेला चेंडू झेलायला पाठीमागे उकिडवा बसतो ना, तो गडी. वय अडतीस, बायको लग्नानंतर वर्षभरात तापानं गेलेली, घरात धाकटी बहीण कियो. फाटलेले चेंडू खाली आणून द्यायला कुणीही चाललं असतं, पण हेइझो स्वतः आणायचा.

"कुरुमादासान, हा चेंडू आहे की उकडलेलं रताळं?"

"रताळं असतं तर तुमच्यापर्यंत पोचलं असतं होय, तोमेसान? वाटेतच फस्त केलं असतं."

एवढंच बोलणं. पण तेवढ्यासाठी तोमे शनिवारची वाट बघायची. शुक्रवारी केस धुवायची, साबण मिळत नव्हता तरी राखेच्या पाण्यानं धुवायची.

दोन वर्षांपूर्वी हेइझोनं तिला मागणी घातली होती. मध्यस्थ नाही, भेटवस्तू नाही, चेंडू पुढे केला आणि म्हणाला, "माझ्या घरी याल का राहायला?" तोमे म्हणाली, "या वयात काय लग्न करायचं!" खरं कारण तिच्या जिभेवर आलंच नाही.

खरं कारण असं, की तोमे अग्निघोड्याच्या साली जन्मलेली. आमच्याकडे वर्षांना प्राण्यांची नावं असतात, त्यांतलं हे साठ वर्षांतून एकदा येतं, आणि त्या सालची मुलगी नवऱ्याला खाते हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तिच्या बापानं काय करावं? जन्म दडवून ठेवला, आणि पुढच्या जानेवारीत, मेंढीचं साल लागल्यावर, कचेरीत नाव घातलं. कागदोपत्री तोमे गरीब मेंढी. बरं, दडवलंस तर कायमचं दडव ना! मरताना बापाचं मन खायला लागलं आणि त्यानं पोरीला सगळं सांगून टाकलं. "लग्नाच्या फंदात पडू नकोस, उगाच कुणाचा जीव जायचा." काय म्हणावं अशा बापाला! सरकारला फसवलं, तसं पोरीलाही फसवलं असतं तर तिचा संसार तरी झाला असता.

जुलैत हेइझोला लष्कराचा लाल कागद आला. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. हातात चार दिवस.

कियो दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या कापडाचा पट्टा घेऊन खाली आली. लढाईवर जाणाऱ्याच्या पोटाला बांधायचा हजार टाक्यांचा पट्टा. एका बाईनं एकच गाठ मारायची, अशा हजार बायका. कियो मैदानाच्या फाटकात उभी राहून नऊशे नव्व्याण्णव गाठी गोळा करून आली होती.

"शेवटची तुमच्यासाठी ठेवलीय, तोमेसान. दादाच म्हणाला."

तोमेनं पुढे केलेला हात मागे घेतला. नवऱ्याला खाणाऱ्या बाईचा टाका, आणि तो त्याच्या पोटाला बांधायचा?

"आज बोट दुखतंय गं. दुसऱ्या कुणाकडून घे."

कियोचं डोकं सणकलं. "दिवसभर घोड्याचं कातडं शिवताना बोट दुखत नाही, आणि माझ्या भावाला एक टाका घालताना दुखतं? राहू दे. उपकार नकोत तुमचे!" आणि पाय आपटत ती पायऱ्या चढून गेली.

शनिवारी हेइझो आला. एका हातात फाटका चेंडू, दुसऱ्या हातात तोच पट्टा. चिडलेला नव्हता, आणि त्यामुळेच तोमेला रडू फुटलं.

"मी मेंढीच्या सालची नाही," ती म्हणाली. "घोड्याच्या सालची आहे. अग्निघोड्याच्या. आता कळलं का?"

हेइझो खुर्चीवर बसला. आधी तो हसतोय हे तिला कळलंच नाही.

"अहो, मग मी कुठल्या सालचा? अडतीस वय माझं. बोटांवर मोजा. तेच साल, तोच घोडा!"

"पुरुषांचं वेगळं असतं."

"का? घोडा काय बाई-पुरुष बघून लाथ मारतो?"

तिला हसू आलं, रडता रडता. मग तो हळूच म्हणाला, "दोन वर्षं वाया घालवलीत तोमेसान. अजून दोन दिवस आहेत. उद्या सामना झाला की कचेरीत अर्ज देऊ. नोंदणीचा बाबू ओळखीचा आहे, रविवारीही दार उघडेल."

तोमेनं पट्टा मांडीवर घेतला, लाल दोरा ओवला आणि हजारावी गाठ मारली. एवढं धाडस तिनं केलं. पण मान वर न करता ती म्हणाली, "परत या, मग करू. आत्ता बायको झाले आणि तुम्हाला काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"आणि बायको न होता काही झालं तर?"

हेइझोनं पट्ट्याची नीट घडी केली, फाटका चेंडू तिच्यासमोर ठेवला आणि गेला.

रविवारी तोमे जन्मात पहिल्यांदा पायऱ्या चढून वर जाऊन बसली. इतकं ऊन, इतकी मोकळी जागा! पाठमोरा उकिडवा बसलेला हेइझो तिला लगेच ओळखू आला. नवव्या डावात शिओकाझे एका धावेनं पुढे होते, आणि शेवटचा चेंडू उडाला तो नेमका ओकिताआजोबांकडे. कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं डोळे मिटून हात पुढे केले, आणि चेंडू हातात येऊन बसला! लोक वेड्यासारखे ओरडले. हेइझोनं तो चेंडू म्हाताऱ्याकडून मागून घेतला, पायऱ्यांवर नजर फिरवून तोमेला शोधली आणि अंगठा टाक्यांवरून सावकाश फिरवला. काल रात्रीच शिवलेला चेंडू होता तो. ते बोट आपल्या गालावरून फिरल्यासारखं तिला वाटलं. खाली धावावं, म्हणावं, चला कचेरीत. पाय उठले नाहीत. कुठलं बापाचं बोलणं, आणि अडतिसाव्या वर्षी त्यानं तिला जागच्या जागी खिळवून ठेवलं!

सोमवारी स्टेशनावर ती बायकांच्या मागे उभी राहिली. आपण त्याची कोण, म्हणून पुढे जायचं?

आठ माणसांचा संघ होत नाही. शिओकाझेचा मोसम तिथंच संपला.

पुढे बॉम्ब पडले, अर्धी वस्ती जळाली, तोमेची खोली तेवढी पायऱ्यांखाली शाबूत राहिली. रोज संध्याकाळी ती कियोच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायची. पत्र आलंय का, एवढंच विचारायचं होतं. पण पट्ट्यावरून कियो बोलली होती ते आठवून परत फिरायची. लढाई संपली, पुढच्या वसंतात संघ पुन्हा उभे राहिले आणि चेंडूंची टोपली तिच्या दारात आली. हेइझो आला की पहिला चेंडू त्यालाच दाखवायचा, असं म्हणून तिनं एक खास राखून ठेवला.

एप्रिलमध्ये कियो आली. गळ्यात पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी. हलवली तर आत कागदाचा कपटा सरकला, हाडं नव्हतीच. हेइझोची आगबोट बुडाली होती, लढाई संपायच्या आठ महिने आधी.

कियोनं पिशवीतून लिफाफा काढला.

"दादानं जाताना दिला होता. म्हणाला, ती आपण होऊन मागायला आली तर दे, तू पुढे करू नकोस, ती घाबरेल." कियोचा आवाज चढला. "मी वाट बघत होते हो! तुम्ही गल्लीच्या तोंडाशी यायचात, मी खिडकीतून बघायचे. एक पायरी नाही चढलात!"

आत लग्नाच्या नोंदणीचा अर्ज होता. हेइझोचं नाव, त्याचा सहीचा शिक्का, साक्षीदार म्हणून कियोचा आणि ओकिताआजोबांचा शिक्का. तोमेची बाजू तेवढी कोरी.

"आता कचेरीत घेणार नाहीत," कियो म्हणाली.

"माहीत आहे मला."

तोमेनं दौत पुढे ओढली. नाव लिहिलं. जन्मसालाच्या रकान्यात मेंढीचं साल न लिहिता घोड्याचं लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा.

कियो वाकून बघत होती. "म्हणजे तुम्ही...? दादाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तो स्वतः त्याच सालचा!" कियो डोळे पुसत हसली. "आई सांगायची, घोड्याच्या साली मुलगा झाला म्हणून बाबांनी गल्लीभर लाल भात वाटला होता. पोरगा वाऱ्यासारखा पळेल म्हणाले."

तोमेनं आपला शिक्का काढला आणि कागदावर दाबला. शाई वाळली होती, उमटेना. पुन्हा दाबला, तरी नाही. कियोनं शिक्का तिच्या हातातून घेतला, तोंडाजवळ नेऊन त्यावर श्वासाची वाफ सोडली आणि परत तिच्या मुठीत दिला.

"आता दाबा," ती म्हणाली. "सावकाश दाबा, वहिनी."