पत्रा फारच लख्ख पुसला!

मंडळी, गोराईच्या निवासी शिबिरातून लिहितेय. हात अजून काळेच आहेत!

इथे मी ॲक्वाटिंट शिकतेय. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड वितळवून तो ॲसिडमध्ये बुडवायचा. त्यावर बारीक खड्डे पडतात, त्यांत शाई बसते आणि कागदावर काळ्या-करड्या छटा उमटतात.

आज शेवटचा दिवस. संध्याकाळी सगळ्यांची चित्रं भिंतीवर लागायची होती. माझी खाडीकाठची तिवरं मात्र दोनदा छापली तरी पांढरीफटक!

आमची शिक्षिका मृणाल बघायला आली आणि हसतच सुटली. "अहो काकू, जेवणाचं ताट आहे का हे? शाई वरवरची पुसायची, खड्ड्यांतली नाही!"

काय करणार, फडकं हातात आलं की घासायचं, ही जन्माची सवय! मग पापडाच्या लाटीला तेल लावतो तसा हलका हात फिरवला. छापून कागद उचलला, तर तिवरं काजळासारखी गर्द!

"झकास, काकू! आता खाली सही करा."

सही? आजवर केली ती बँकेत नि सोसायटीच्या कागदांवर. आज स्वतःच्या चित्राखाली केली, चांगली ठसठशीत. भिंतीवर लांबूनही वाचता येतेय!

तुम्ही स्वतःच्या हातच्या कशाखाली कधी सही केलीय? सांगा बघू.