दोन वर्षं उघडी राहिलेली तक्रार

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगतो. आमच्या गुरुग्रामच्या ऑफिसात, अकरा माणसांसमोर, मोठ्या पडद्यावर मी माझी जी शोभा करून घेतली ना, ती ऐकून ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

तर झालं असं. आमचं ॲप ज्या कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर चालतं, तिथे प्रोग्रॅम दोन भाषांत लिहिता येतो. एक जुनी, एक नवी. कंपनी दरवर्षी जाहीर करते, "आम्हाला दोन्ही सारख्याच." आणि दरवर्षी आमच्या कँटीनमध्ये त्यावरून जुंपते. मी नव्या भाषेचा. नुसता चाहता नाही हो, प्रचारक! समोर भाटियाजी. गाझियाबादहून येतात, वीस वर्षं जुन्या भाषेत लिहितायत आणि डब्यातला पराठा मला दिल्याशिवाय वाद सुरू करत नाहीत.

"भाटियाजी, पुरानी भाषा को कंपनी ने छोड़ दिया है. मान लो यार!"

"अच्छा जी? आप अचार तो लो."

असल्या माणसाशी भांडायचं कसं, सांगा!

या वर्षी मात्र प्रकरण गंभीर झालं. आमच्या मॅनेजर वर्मा मॅडम म्हणाल्या, सगळं ॲप नव्या भाषेत पुन्हा लिहायचं का, ते सोमवारी ठरवू. लिहायचं ठरलं तर प्रमुख मी, आणि भाटियाजींनी उभं केलेलं सगळं काम मोडीत. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, नाही वाटलं.

पुरावा तर माझ्या खिशातच होता. जुन्या भाषेतली एक चूक मी स्वतः दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या साइटवर नोंदवली होती. यादी पाहिली, तर तक्रार अजून उघडीच! नव्या भाषेतल्या चुका मात्र चार-चार दिवसांत दुरुस्त. मला तर नाचावंसं वाटलं.

सोमवारी यादी पडद्यावर लावली. "देखिए मॅडम! दो साल! इसको कहते हैं कमिटमेंट?"

"पूरा खोलो ज़रा," मॅडम म्हणाल्या.

उघडलं. आणि देवा रे!

तक्रारीच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या एका इंजिनिअरने विचारलं होतं, "चूक दिसेल असा छोटासा नमुना पाठवाल का?" आठवड्याने पुन्हा. मग पुन्हा. चौथ्यांदा तर बिचाऱ्याने माझी तब्येत ठीक आहे ना, असं विचारलं होतं!

मी उत्तर देणार कसं? कंपनीच्या मेलचा त्रास नको म्हणून ते सगळे परस्पर एका फोल्डरमध्ये जातील अशी सोय मीच करून ठेवली होती. तो फोल्डर मी कधी उघडलाच नव्हता.

पडद्यावर त्या चार प्रश्नांखाली आणखी एक निरोप. "सावंतजी व्यस्त असतील, नमुना मी देतो." सावंत म्हणजे मी. आणि लिहिणाऱ्याचं नाव? भाटिया! पुढच्या आठ दिवसांत कंपनीने चूक दुरुस्त केलेली. शेवटी लिहिलं होतं, तक्रारदाराने एकदा तपासून तक्रार बंद करावी. आता तक्रारदार कोण? हा, तुमच्यासमोर चहा पितोय तो!

हशा असा उसळला की शेजारची टीम काचेतून डोकावायला लागली.

"भाटियाजी, आपने बताया क्यों नहीं?"

"बताया था. आपने कहा, हाँ हाँ, देखता हूँ."

मेलो! मॅडमच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत होईना. तेवढ्यात भाटियाजीच उठले. "मॅडम, गलती पकड़ी तो इसी ने थी. मैं तो सालों से उसके बगल से निकल जाता था. लड़का काम का है."

लड़का! बेचाळीस वर्षांचा मी, पण डोळे भरून आले हो. ज्याचं काम मोडीत काढायला निघालो होतो, तोच माणूस मला सावरत होता. आणि तो कंपनीतला इंजिनिअर, कुठला कोण, चार-चार वेळा विचारत राहिलेला! या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. त्याच दुपारी तक्रार बंद केली आणि इंजिनिअरला माफीसकट आभाराच्या चार ओळी लिहिल्या.

मॅडमनी ठरवलं, जुनं ॲप आहे तसं राहील, नवीन भर तेवढी नव्या भाषेत. ती भाषा भाटियाजींना मी शिकवायची. दुसऱ्या दिवशी ते कोरी वही घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.

मी गुरुजींच्या थाटात म्हणालो, "भाटियाजी, कुछ अटके तो बेझिझक पूछना."

"बिल्कुल पूछूँगा," वहीवर तारीख घालता घालता ते म्हणाले. "बस इतना बता दो, आपसे पूछूँ कि सीधे कंपनी से? वो लोग जवाब देते हैं."