उबेच्या कपाटापुढचा ऊद

डॉक्टरबाईंनी भिंगावरून डोळा काढला आणि म्हणाल्या, "मावशी, गेले बहुतेक."

गेले ते माझ्या गाईचे गर्भ. सासरच्या दावणीतली शेवटची लाल कंधारी गाय विहिरीत पडून मेली, तेव्हा बाईंनी तिच्या पोटातली बीजं काढून आणली होती. कांडीत गोठवून ठेवलेल्या वळूच्या बीजाशी त्यांची गाठ घालून काचेच्या ताटल्यांत गर्भ धरवले आणि उबेच्या कपाटात ठेवले. घाटनांदूरजवळच्या त्या प्रयोगशाळेत मी झाडलोट करायचे. मेल्या गाईचं पोट फाडू दिलं म्हणून गावानं आधीच तोंडसुख घेतलं होतं. गाईचं आता एवढंच उरलं होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी विळ्यापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. प्रयोगशाळेचा राखणदार नात्यानं माझा दीर. पूजा त्याच्या बायकोनं करायची, पण ती नेमकी बाजूला बसलेली. बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच करा. गाय तुमची."

"मी विधवा हाय बाई."

"रोज कपाट पुसता, तेव्हा विटाळतं का ते?"

नवरा गेल्यापासून कुंकवाचं ताट कुणी माझ्या हातात दिलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि मी हात आखडला नाही. धुपाटण्यात ऊद टाकतच राहिले. राखणदार खोकत म्हणाला, "वहिनी, बास करा, यंत्राला दमा व्हईल!" सगळे हसले, बाईसुद्धा. धूर खोलीत कोंडलेला असतानाच ताटल्या बघायची वेळ झाली आणि बाईंनी कपाट उघडलं.

आता तोच राखणदार दारात उभा राहून म्हणाला, "सवाष्णीचं काम इधवेच्या हाती दिल्यावर दुसरं काय व्हनार?"

बाई त्याच्यावर उसळल्या. "धुरानं झालं हे. पेशींना ताण सोसत नाही. कपाट मी उघडलं, चूक माझी."

माझ्या निम्म्या वयाची पोर माझ्यासाठी भांडत होती आणि मी पदराआड हळदीची बोटं पुसत होते. कारण त्याचं बोलणं मला खरं वाटत होतं. आजही ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

काही गर्भ अजून काळवंडले नव्हते. बाईंनी ते ताज्या द्रावणात घेतले, झाकणाच्या काचपेटीत ठेवले आणि नळकांड्यातला कमी प्राणवायूचा वायू आत सोडला. "गाईच्या पोटात अंधार असतो मावशी, आणि प्राणवायू थोडा. इथं आपण उजेड आणि प्राणवायू दोन्ही जास्त देतो, त्यानं हे शिणतात." खिडकीवर काळं कापड ठोकलं. अगरबत्ती, फिनेल, डोक्याचं वासाचं तेल बंद. विनाकारण दार उघडायचं नाही.

"या की आत, मावशी."

"मी भाईरूनच झाडते."

"तुमच्या सावलीनं मेले असते तर तुम्हाला बोलावलं असतं का मी?"

तरी मी उंबरा ओलांडला नाही. गर्भ दुसऱ्या गाईंच्या पोटी ठेवायचा दिवस आला, तेव्हा गाय धरायलाही गेले नाही. माझ्या जागी दीर गेला.

तगलेले दोनच. शेजाऱ्याच्या दोन गाईंत एकेक ठेवला. एक गाय गाभण राहिली नाही. दुसरीला लाल कालवड झाली. ती जगली.