पाट्यांची गल्ली

इतिहास मंडळात त्यांना सगळे प्रूफकाका म्हणत. एक तर त्यांची उभी हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली होती. शिवाय मंडळात कोणी काही सांगायला तोंड उघडलं की यांचा प्रश्न ठरलेला, "ते सगळं ठीक, पण प्रूफ काय?" वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी मंडळ भरायचं. तिथे काकांनी एका सभासदाचं भुयार बुजवलं होतं आणि दुसऱ्याच्या विहिरीतलं सोनं कायमचं बुडवलं होतं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते म्हणायचे, "काका, मी निदान किडलेला दात काढतो. तुम्ही धडकाही ठेवत नाही."

पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. काकांची स्वतःची अशी एक गोष्ट होती आणि तिला त्यांनी कधी प्रूफ मागितलं नाही.

बाजाराच्या मागे पाट्यांची गल्ली होती. गल्लीच्या तोंडाशी एक जुनी बैठी इमारत, तीन बाजूंना भिंती, समोरून उघडी, आणि आत छातीएवढ्या उंचीचा लांबलचक दगडी कट्टा. पाट्या म्हटल्या म्हणजे शाळा आली, तेव्हा ही इथली पहिली शाळा, असं काकांचं मत. आधार काय, तर वडील एकदा जेवताना बोलून गेले होते, "तुझ्या आजीची पाटी त्याच गल्लीत होती." आजी काकांच्या जन्माआधीच वारलेली. त्या काळात मुलगी शाळेत जाते, अक्षरं गिरवते! आपल्या घरात विद्या आली ती आजीच्या पाटीवरून, हे सांगताना काकांचा आवाज दर वेळी ओला व्हायचा. एवढ्या उंच कट्ट्यावर पोरं बसायची कशी, असं कोणीतरी विचारलं होतं. "उभ्याने लिहायची," काका म्हणाले. जन्मभर लोकांच्या चुका पकडलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढे पालिकेला तिथे गाड्या लावायला जागा हवी झाली. इमारत पाडायचं ठरलं. जुन्या शाळा जपायचा एक सरकारी नियम होता, त्याखाली काकांनी अर्ज केला आणि पाहणीला अधिकारी बाई यायच्या ठरल्या. शाळा ठरली तर इमारत राहणार, नाहीतर भुईसपाट.

पाहणीच्या सकाळी काका जुन्या फोटोंचा खोका घेऊन रिक्षातून उतरले. खोका छातीशी धरला की पायाखालची पायरी दिसेना, म्हणून त्यांनी तो सरळ डोक्यावर घेतला. आत येईपर्यंत मान भरून आली. ते कट्ट्याशी गेले, जरासे पुढे झाले आणि खोका डोक्यावरून अलगद कट्ट्यावर सरकला. वाकावं लागलं नाही, कोणाला हात लाव म्हणावं लागलं नाही.

काका तसेच उभे राहिले. मग त्यांनी खोका परत डोक्यावर घेतला आणि पुन्हा उतरवला.

"व्यायाम चाललाय का?" मागून डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, ही शाळा नाही. पाट्या म्हणजे हमालांच्या पाट्या, टोपल्या. बाजारातलं ओझं वाहून आणायचं आणि इथे टेकवून दम खायचा."

पाटी या शब्दाचे दोन अर्थ शेंबड्या पोराला माहीत असतात. काकांनाही माहीत होते. पण आजीचं म्हटलं की त्यांना एकच अर्थ दिसायचा. आता त्यांना फार वाईट वाटलं. मांडीवर पाटी घेऊन बसलेली ती लहान मुलगी, जिच्याशी त्यांची साठ वर्षांची ओळख होती, ती कधी नव्हतीच.

डॉक्टरांनी एकदा कट्ट्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. "काका, बाई येतायत. अर्धा तास तोंडात मिठाची गुळणी धरा. इमारत वाचू दे, मग उद्यापासून काय ते संशोधन करा."

सल्ला वाईट नव्हता. काका गप्प राहिले. बाई आल्या, त्यांनी भिंती पाहिल्या, फोटो काढले. डॉक्टरच बोलत होते आणि छान बोलत होते. शेवटी बाईंनी कट्ट्यावर हात ठेवून विचारलं, "आणि इथे मुलं बसायची?"

"नाही हो," काका म्हणाले. "शाळा नव्हती ही. चूक माझी आहे. इथे बायका डोक्यावरचं ओझं उतरवायच्या. त्यातली एक माझी आजी."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. बाईंनी कट्ट्यावरचा हात काढून घेतला. "मग हे आमच्या नियमात बसत नाही, काका. इमारत राहणार नाही. तुम्ही म्हणता तशी नोंद मात्र मी अहवालात करते. आजींचं नाव काय?"

काकांनी तोंड उघडलं आणि नाव येईना. विसरलं नव्हतं, कधी विचारलंच नव्हतं. घरात सगळे आजीच म्हणायचे. त्यांनी तिथूनच थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, आजीचं नाव काय गं? पाटी घेणाऱ्या आजीचं."

"म्हणजे कळलं तुला एकदाचं," ताई म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?" काकांनी विचारलं.

"अरे, सगळ्यांनाच ठाऊक होतं. आम्हाला वाटायचं, तुला तिच्या हमालीची लाज वाटते, म्हणून तू ती शाळेची गोष्ट रचलीस. कशाला दुखवायचं, म्हणून कोणी बोललं नाही."

मग ताईने नाव सांगितलं. काकांनी ते बाईंना एक एक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि बाईंनी लिहिल्यावर कागद मागून घेऊन तपासलं.