न हललेली रेघ

चष्म्याच्या दुकानात तो बसला की नाकावर भिंग, पुढ्यात मखमलीचा तुकडा आणि त्यावर मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू, असा थाट असायचा. डोळे तपासायला दुसराच माणूस यायचा, पण पांढरा कोट हा घालायचा. म्हणून बाजारपेठेने ‘डॉक्टर’ ही पदवी यालाच देऊन टाकली होती. सैल झालेली काडी कुणी आणली की डॉक्टर स्क्रू आवळायचा आणि वर नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यायचा. ठिपका बसला की स्क्रू जागचा हलत नाही. नेलपॉलिश अर्थातच बायकोची. तिच्या नखांपेक्षा ती गिऱ्हाइकांच्या नाकावरच जास्त मिरवायची.

त्याची पन्नाशी झाली त्या दिवशी साडू दारात सायकल घेऊन उभा राहिला. साडूचं फरशीचं दुकान होतं आणि आवाज गोदामाएवढा. पोट उतरवायला त्याने ही डोंगरावरची सायकल आणली होती. दोनदा चालवली, आणि दोन्ही वेळा पोट जिंकलं होतं.

“साडूबुवा, आजपासून ही तुमची! मागे बघा, शॉकॲब्सॉर्बर आहे. खड्ड्यात गेलात तरी पोटातलं पाणी हलणार नाही. फुलासारखी सांभाळलीय मी.”

“अहो, पण तुम्हाला लागेल की.”

“मला गाडी आहे. तुम्ही घ्या हो!”

दारामागून बायको म्हणाली, “घ्या ना. दुकानापर्यंत जायला बरी.”

डॉक्टर त्या सायकलीच्या प्रेमातच पडला. दर रविवारी सकाळी तो तिला गॅलरीत उभी करी आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून फ्रेमवर नेलपॉलिशची एक रेघ ओढी. पुढच्या रविवारी रेघ जुळत नसली, तर बोल्ट फिरला. आवळायचा, पुसायची, पुन्हा ओढायची. बायको बाटली धरून बसायची. सगळेच बोल्ट थोडेफार उनाड निघाले. अपवाद एकच: शॉकचं खालचं टोक धरून ठेवणारा. त्याची रेघ कधी केसभरही सरकली नाही. त्यामुळे त्याला पाना लावायची वेळच आली नाही.

“बघ,” डॉक्टर म्हणायचा, “याला म्हणतात खानदानी. बाकीच्यांनी शिकावं याच्याकडून.”

बायको बाटलीचं झाकण घट्ट लावायची आणि चहा टाकायला आत जायची.

मग तो निघायचा. पाण्याच्या टाकीमागून, दगडगोट्यांच्या वाटेने, थेट डोंगरावर. आयुष्यभर दुसऱ्यांना लांबचं दिसावं म्हणून खपलेला माणूस. वर उभं राहून स्वतः लांब बघताना त्याला जे वाटायचं, ते घरी कुणाला तरी सांगावंसं वाटे. कुणाला तरी म्हणजे एकीलाच.

“आज पार वर गेलो. वरून आपली गच्ची दिसते, माहितीये? हिरवी चादर वाळत होती.”

“हो का,” ती म्हणायची, मटार सोलत.

एका रविवारी उतारावर ‘कट्’ असा आवाज झाला आणि सायकल चिखलात म्हैस बसावी तशी मागच्या मागे बसली. डॉक्टर पुढे, कोपरावर. उठून बघतो तर शॉक लोंबतोय आणि मातीत त्याच्या लाडक्या बोल्टचं डोकं पडलंय. वर लाल रेघ शाबूत. खाली मात्र पिवळट, काचेसारखा थर.

खिशातलं भिंग काढायचीसुद्धा गरज नव्हती. दोन ट्यूबा कालवून करतात तो गोंद. गिऱ्हाइकांनी कितीही विनवलं तरी डॉक्टर काडी कधी गोंदाने चिकटवून देत नसे. “चिकटवलेलं नुसतं दिसतं, धरत नाही,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. बोल्ट केव्हाच तुटला होता. डोकं शोभेला चिकटवलेलं, आणि आतला दांडा हादऱ्याहादऱ्याने दुसऱ्या बाजूने बाहेर सरकत होता. रेघ हलणार कशी? मेलेल्याची नाडी स्थिर लागते म्हणून डॉक्टर दर रविवारी त्याच्या तब्येतीचं कौतुक करत होता.

सायकल खांद्यावर घेऊन तो तसाच साडूच्या दुकानात शिरला आणि काउंटरवर डोकं ठेवलं. बोल्टचं.

“अरेरे, लागलं का? बसा, बसा...”

“हे काय आहे?”

“बोल्ट.”

“बोल्टचं डोकं. बाकीचा बोल्ट कधी तुटला?”

साडूचा आवाज पहिल्यांदाच दुकानात मावला. “त्याचं काय झालं, फुटपाथवरून उतरलो नि गेला. तसला मिळेना. म्हटलं, भेट द्यायची वस्तू अशी बोडकी कशी द्यायची? चार लोकांत बरं दिसायला नको?”

“आणि मी डोंगरावरून गडगडलो असतो म्हणजे?”

“आता तुम्ही डोंगरावर जाल असं वाटलं होतं का कुणाला? ताईच तर म्हणाल्या...” साडू थांबला आणि समोरची फरशी जन्मात पहिल्यांदा पाहत असल्यासारखा न्याहाळू लागला.

“काय म्हणाल्या ताई?”

“गोंद त्यांनीच काढून दिला, तुमच्या ड्रॉवरमधून. म्हणाल्या, जाऊ दे, हे दुकानापर्यंतच जाणार.”

घरी बायकोने कोपर पाहिलं आणि ती कापूस घेऊन धावत आली. डॉक्टरने लाल रेघेचं डोकं तिच्या तळहातावर ठेवलं.

“दर रविवारी बाटली धरून बसायचीस,” तो म्हणाला. “मी रेघ ओढायचो. तू बघायचीस.”

“इतके खूश असायचात हो. कसं सांगू?”

“आणि डोंगरावर जायला लागलो तेव्हा?”

ती कापूस पिंजू लागली. “खरं सांगू? मला वाटायचं, कोपऱ्यावर चहा पिऊन येता. आणि मला बरं वाटावं म्हणून सांगता.”

“हिरवी चादर सांगितली ना तुला?”

“ती काय, कोपऱ्यावरूनही दिसते.”

साडूने केसाने गळा कापला, त्याचं डॉक्टरला फारसं नवल वाटलं नाही. फरशीवाल्याला वरचा गुळगुळीतपणाच दिसायचा. पण ही? कोपराला औषध झोंबलं तरी तो हूं की चूं करेना, तेव्हा तीच घाबरली.

आठवड्यात त्याने सायकलवाल्याकडून खरा बोल्ट बसवून घेतला आणि येताना सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात शिरला.

“काकूंना कोणता शेड आवडतो?” पोरीने विचारलं.

“काकूंसाठी नाहीये.”

पोरीने त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि निमूटपणे हिरवी बाटली दिली.

रविवारी बायको नेहमीप्रमाणे तिची लाल बाटली घेऊन गॅलरीत आली. सगळ्या बोल्टांवर हिरव्या रेघा वाळत होत्या.

“हा रंग कुणाचा?”

“माझा.”

ती बाटली हातातल्या हातात फिरवत राहिली. “मी येऊ का आज? टाकीपर्यंत?”

“कशाला? दुकानापर्यंतच तर जातोय.”

तो खाली उतरला. आजवर तो निघाला की ती आत वळायची. आज कठड्यावरून पार वाकून ती बघत राहिली, कोपऱ्यावर तो कुठल्या बाजूला वळतो ते. तो टाकीच्या बाजूला वळला. ती बघतेय हे त्याला ठाऊक होतं, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.