मल्हारची वेगळी चूल

दगडाबाईच्या तोंडाला लागायचं धाडस वाडीत कुणी करत नाही. एसटीचा कंडक्टर एकदा तिच्या कोकरावरून कुरकुरला, तर तिनं दहिवडी येईपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि उतरताना कोकराला त्याच्याकडं बघून ओरडायलाही लावलं. माण तालुक्यातल्या उघड्या माळावर नवऱ्याच्या माघारी वीस वर्षं मेंढरं राखायची, तर बाईला असं तोंड लागतंच. पण त्या तोंडाला एक खोड होती. शिव्या त्यातून हव्या तितक्या यायच्या, खोटं मात्र यायचं नाही.

मल्हार तिचा एकुलता एक. वर्षाचा असताना ताप मेंदूत गेला आणि पोराचं सगळं तिथंच थांबलं. आता तो तेवीस वर्षांचा झालाय, दाढी आलीय, पण पाय पोटाशी मुडपलेले आणि शब्द तीनच. आये, पानी, आणि कोकराला 'कू'. पूर्वी त्याला महिन्यातून तीन-चारदा फीट यायची. मग मिरजेच्या एका डॉक्टरनं गोळ्या बसवून दिल्या, सकाळी एक, दिवेलागणीला एक. "मावशी, जेवण चुकलं तर चालेल, गोळी चुकवू नका," असं त्यानं बजावलं. दगडाबाईनं ते देवाच्या वाराइतकं पाळलं. तीन वर्षांत मल्हारला एकदाही फीट आली नाही.

या गोळ्या मल्हारच्या पगारातून यायच्या. पगार म्हणजे निराधार योजनेतलं अपंगांचं सरकारी अनुदान, पण वाडीत त्याला सगळे पगारच म्हणतात. त्यातल्या पैशानं दगडाबाईनं स्वतःसाठी चहाची पुडीही आणली नाही. विधवा म्हणून तिला मिळायचं त्यात तेल-मीठ भागायचं आणि कोकरू विकलं की लुगडं यायचं. दर वर्षी उत्पन्नाचा दाखला द्यावा लागे. जुना तलाठी तिच्या तोंडाकडं बघूनच तो लिहून टाकायचा. त्याला भीती वाटायची की दया यायची, कोण जाणे.

यंदा तलाठी बदलला. समीक्षा नावाची पोरसवदा मुलगी आली, पहिलीच नेमणूक. ती मोठी कामसू. दाखला द्यायचा तर घर बघून द्यायचा, म्हणून काट्याकुट्यातून चपला फरफटत स्वतः वाडीवर आली. दगडाबाई तेव्हा वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, एका मेंढीचा खूर साफ करत बसली होती.

"मावशी, ही मेंढरं कुणाची?"

"आमचीच की. दुसऱ्या कुनाची असत्यात?"

इथंच सगळं बिघडलं. वाघरीतल्या अकरा मेंढरांतली चार आकारामची होती. आकाराम तिचा चुलतदीर, मुंबईला असतो. मेंढरं त्याची, राखण हिची आणि कोकरं निम्मी-निम्मी, असा वहिवाटीचा व्यवहार. पण तिच्या सासऱ्यानं घालून दिलेली एक शिस्त होती. वाघरीत उभं राहून कुठल्याच मेंढराला परकं म्हणायचं नाही. परकं म्हटलेलं जनावर अंगाला लागत नाही, असं म्हातारा म्हणायचा. तहसीलदार आला असता तरी दगडाबाईनं तिथं दुसरं उत्तर दिलं नसतं.

"आणि घरात महिन्याला काय काय येतं?" समीक्षानं विचारलं.

दगडाबाईनं सगळं सांगितलं. आपलं सांगितलं, मल्हारचं सांगितलं, कोकराचं सांगितलं. "पोराचं येतंय म्हनून पोरगं हाय, बाई," असंही म्हणाली. समीक्षानं ते सगळं नीट लिहून घेतलं आणि वर चहाही प्यायली. प्रामाणिक माणसाची गाठ प्रामाणिक माणसाशी पडली की दोघांचंही भलं व्हायला हवं. तसं होत नाही.

दोन महिन्यांनी मल्हारचा पगार बंद झाला.

दगडाबाई दहिवडीला कचेरीत गेली. कारकुनानं कागद काढून दाखवला. घरचं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं होतं. त्यात काय काय धरलंय, असं तिनं विचारलं. त्यानं वाचून दाखवलं. अकरा मेंढरं. तिचं विधवेचं अनुदान. आणि मल्हारचं अपंगाचं.

तिला ते कळायला वेळ लागला. "म्हंजी त्याला पगार मिळतोय, म्हनून त्याला पगार न्हाई?"

"तसं नाही मावशी. घरात आलेला पैसा घरातलाच धरतात."

"आवं, पन त्यो घरात ऱ्हातोय कुठं? मिरजेला जातोय आन् गोळ्या हून त्याच्या तोंडात जातोय. पाटाचं पानी माझ्या बांधावरनं दुसऱ्याच्या रानात गेलं, तर माझं रान भिजलं म्हनून लिवनार व्हय तुमी?"

कारकून वाईट माणूस नव्हता. तो हसला. "पटतंय मला," तो म्हणाला, "पण कागदात तसा रकानाच नाही." मेंढरांचं विचारलं तर त्यानं समीक्षानं लिहून घेतलेल्या जबाबावर बोट ठेवलं. आमचीच, असं तिचं तिनंच सांगितलं होतं आणि खाली तिचाच अंगठा होता.

कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून वीरधवल नावाचा तरणा गडी लोकांचे अर्ज भरतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मावशे, रेशनकार्ड फोड. मल्हार येगळा, तू येगळी. त्याची चूल येगळी दाखवायची. निराधार म्हंजी ज्याला कुनी न्हाई त्यो. त्याला तू हाईस, हीच अडचन हाय."

तिनं त्याला अशा शिव्या घातल्या, की रांगेतले लोक बाजूला सरकले. मग ती एसटीत बसून वाडीला आली. एक मेंढी विकली, महिना गेला. दुसरी विकली. तिच्या उरलेल्या पाचही गाभण होत्या, त्यांच्यावर हात पडेना. तेव्हा तिनं सासऱ्याचा अडकित्ता काढला आणि गोळीचे दोन तुकडे करायला सुरुवात केली. सकाळी अर्धी, दिवेलागणीला अर्धी. असे पंधरा दिवस काढले आणि ती पुन्हा वीरधवलच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. परक्याच्या मेंढराला जिनं कधी परकं म्हटलं नाही, तिनं पोटच्या पोराला परका म्हणून अंगठा उठवला. मल्हार छपरात एकटा राहतो, आई वेगळी असते, त्याला सांभाळणारं कुणी नाही, असं त्या कागदात होतं.

चौकशीला समीक्षाच येणार होती, गुरुवारी. त्या सकाळी दगडाबाईनं मल्हारला उचलून मेंढरांच्या छपरात नेलं. खाली घोंगडं अंथरलं. कोपऱ्यात तीन दगड मांडून चूल केली, घरातली राख आणून त्यात ओतली, वर एक काळं पातेलं ठेवलं. तो घाबरू नये म्हणून एक कोकरू शेजारी बांधलं. मग ती छपरामागच्या दगडी बांधाआड जाऊन बसली. वाडीत असताना ती कधी त्याच्या हाकेच्या बाहेर गेली नव्हती, आणि आजही गेली नाही. फक्त ओ द्यायची नाही, एवढंच तिनं स्वतःला बजावलं होतं.

समीक्षा आली. बरोबर कोतवाल आणि वाडीतले दोन पंच होते. पंचांना सगळं ठाऊक होतं, ते जमिनीकडं बघत उभे राहिले.

"नाव काय तुझं?" समीक्षानं वाकून विचारलं. मल्हार हसला. "कू," म्हणाला आणि कोकराकडं बघितलं. मग मान वळवून हाक मारली, "आये."

समीक्षा त्याच्याकडं बघत राहिली. केसांना तेल होतं, भांग पाडलेला होता. नखं कापलेली होती. कपाळावर ताजा भंडारा होता. एकट्या पडलेल्या पांगळ्या माणसाच्या कपाळाला भंडारा कोण लावणार? तिनं चुलीवर हात धरला. राख गार होती. तिनं एकदा बांधाकडं बघितलं आणि दगडांच्या फटीतून बघणारी दगडाबाई खाली दबली. पण समीक्षानं नजर फिरवली. "चूल वेगळी आहे," ती मोठ्यानं म्हणाली आणि लिहायला लागली. "सांभाळणारं कुणी आढळून आलं नाही. बरोबर ना?" पंचांनी माना हलवल्या. दगडाबाईला त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं.

तेवढ्यात मल्हारच्या उजव्या हाताची बोटं आत वळली.

दगडाबाईला ते कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नाही. आधी बोटं, मग खांदा, मग डोळे वर. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. थांबंल, आत्ता थांबंल, एवढी सही होऊ दे रे देवा. मल्हार आडवा झाला आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. समीक्षा ओरडली. कोतवाल पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरायला धावला, एक पंच त्याचे पाय दाबायला लागला. डोकं कुणीच धरलं नव्हतं. ते चुलीच्या दगडावर आपटलं. परत आपटलं. तो दगड सकाळी तिनंच तिथं मांडला होता.

बांध तिनं कसा ओलांडला, तिचं तिलाच आठवत नाही.

"सरका! हात लावू नगा माज्या पोराला!" तिनं कोतवालाला ढकललं, मल्हारला कुशीवर घेतलं, डोकं मांडीवर घेतलं, कपाळावरचं रक्त पदरानं दाबून धरलं. "हाय मी, हाय. कुटं गेली न्हाई तुजी आय. हितंच हुती रं."

अंग हळूहळू सैल पडलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि तिला बघून, "आये," म्हणाला.

चार माणसांसमोर झालेलं समीक्षाला आता पुसता येणार नव्हतं. तिनं लिहिलेल्या ओळीवर काट मारली आणि खाली दुसरी लिहिली. पंचनामा वाचून दाखवावा लागतो, म्हणून तिनं तो वाचला. "अर्जदाराची आई हयात असून तीच त्याचा सांभाळ करते." मग तिनं विचारलं, "मावशी, हे... हे खरं आहे का?"

दगडाबाईनं मांडीवरच्या पोराकडं बघितलं. "व्हय बाई," ती म्हणाली. "खरं हाय." लुगड्याला हात पुसून तिनं अंगठा दिला.

माणसं गेल्यावर तिनं मल्हारला उचलून घरात नेलं. चुलीचे दगड लाथेनं उधळून लावले. दिवेलागणीला अडकित्ता न काढता डबी उघडली, तर आत शेवटच्या गोळीचे आधीच केलेले दोन तुकडे होते. एक तिनं त्याला दिला. मग दुसराही दिला. तो उद्या सकाळचा होता, आणि डबीत आता काही नव्हतं.