भिंतीकडे तोंड करून

परीक्षेच्या नव्या पॅडचा वास आला की मैलापूरच्या शाळेतला तो उकडणारा व्हरांडा आठवतो. आत माझी विद्यार्थिनी भरतनाट्यमचा लेखी पेपर देत होती. बोटं हलवल्याशिवाय तिला हस्तमुद्रांची नावं आठवतच नसत. पर्यवेक्षक बाईंना त्या कॉपीच्या खुणा वाटल्या आणि त्यांनी पेपर काढून घेतला. मी दारातच भांडले, “नाचणाऱ्या पोरीचे हात बांधले तर तिला आठवणार काय, मॅडम?” बरीच घासाघीस करून तिला शेवटच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून बसवलं. तरी माझा राग जाईना. येरझारा घालत मी शिपायाला बाईंचा उद्धार ऐकवत राहिले. पेपर संपल्यावर मुलगी म्हणाली, “टीचर, तुमचा आवाज आत येत होता. चार नावं राहिली.” दोष मी आजही बाईंनाच देते; फक्त परीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर उभी राहते.